साठवलेलं वेळेला सापडायचं असेल, तर ठेवायचं कुठे?

८ जुलै २०२५ ला पॉकेट बंद झालं. २००७ साली 'रीड इट लेटर' या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाकडे असलेली ही सेवा म्हणजे 'नंतर निवांत वाचू' म्हणणाऱ्यांची हक्काची जागा होती. बंद करताना मोझिलाने मुदत दिली, आपली यादी उतरवून घ्यायची सोयही दिली. पण त्या यादीत लेखाचं नाव होतं, पत्ता होता, टॅग (विषयाच्या चिठ्ठ्या) होते. लेखाचा मजकूर नव्हता. वर्षानुवर्षं लेख जपतोय असं समजणाऱ्यांच्या हाती पत्त्यांची वही आली आणि त्यातली बरीच घरं तोवर पडून गेलेली होती.

घरं किती भराभर पडतात याचा एक आकडा उपलब्ध आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवलं, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने ज्या ऑर्कुटवर लिहिलं, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात गेलं.

त्यामुळे आता लेख, लिंका, पीडीएफ ठेवायला नवी जागा शोधत असाल, तर मी आधी तीन गोष्टी बघते. तिथे मजकूर राहतो की नुसती लिंक? मराठीत शोधलं तर सापडतं का? आणि उद्या निघायचं ठरलं तर सगळं सामान घेऊन निघता येतं का? दिसायला किती छान आहे, एआय आहे का, हे त्यानंतर.

स्वतःलाच मेसेज: व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम

बहुतेकांचं कपाट हेच आहे. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'मेसेज युवरसेल्फ' अधिकृतपणे आणलं. त्याआधी लोक एकट्याचा ग्रुप काढून तेच करत होते. यातली सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. फॉरवर्ड करायला एक सेकंद लागतो, नवं काही शिकावं लागत नाही, आईबाबांनाही जमतं.

अडचण शोधताना येते. लिंक पाठवली की सोबत चार शब्द लिहिले जात नाहीत आणि सहा महिन्यांनी काय शोधायचं तेच आठवत नाही. इथे फोल्डर नाहीत. दुधाचा हिशोब, कुरिअरचा नंबर आणि विश्वकोशातली नोंद एकाखाली एक पडतात. शिवाय अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या १५ जीबीत मोजला जातो, म्हणजे फोटो आणि ईमेलच्या जागेतच त्याला वाटा द्यावा लागतो.

टेलिग्रामचं 'सेव्हड मेसेजेस' याच कामाला जास्त बरं. २ जीबीपर्यंतची फाइल चालते आणि सगळं क्लाउडवर असल्यामुळे फोन बदलला तरी बॅकअपची कटकट नाही. मात्र ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त तुम्हालाच वाचता येईल असं कुलूपबंद, नसतं. म्हणून आधार, पॅन, गुणपत्रिका यातलं काहीही या दोन्ही ठिकाणी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे. तिथे संस्थेकडून थेट आलेल्या कागदाला मूळ कागदाइतकीच कायदेशीर किंमत आहे. चॅटमधल्या फोटोला ती नाही.

आठवडाभराच्या कामापुरतं स्वतःला मेसेज करणं ठीक. कायमचं ठेवण्यासाठी नको.

बुकमार्क की रेनड्रॉप

ब्राउझरचे बुकमार्क फुकट, साधे आणि दणकट आहेत. क्रोम असो वा फायरफॉक्स, सगळे बुकमार्क एका एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतात आणि ती फाइल दुसरा कोणताही ब्राउझर वाचतो. तिसऱ्या प्रश्नाला इतकं चोख उत्तर फार थोड्या सेवा देतात. पण पहिल्या प्रश्नावर बुकमार्क सपशेल नापास. पान गेलं की हातात फक्त पत्ता उरतो.

पॉकेट गेल्यावर बरेच जण रेनड्रॉप या लिंका साठवायच्या सेवेकडे वळले आणि ते पटण्यासारखं आहे. फुकट खात्यात लिंका कितीही ठेवा, कप्पे करा, टॅग लावा, फोनवर आणि संगणकावर तेच दिसतं. पानाची कायमची प्रत आणि मजकुराच्या आत शोध या दोन गोष्टी मात्र पैसे भरून मिळतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. त्यामुळे फुकट रेनड्रॉप म्हणजे नीट लावलेले बुकमार्क, इतकंच समजून घ्या. पॉकेटसारखंच इन्स्टापेपर २००८ पासून टिकून आहे. वाचायला ते अधिक सुखाचं, पण संदर्भ लावून ठेवायला रेनड्रॉपच बरं.

पैसे भरायचे नसतील तर एक जोडकाम करता येतं. महत्त्वाचं पान बुकमार्क करतानाच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये त्याचा पत्ता टाकायचा. लॉगिन लागत नसलेल्या बऱ्याच पानांची प्रत तिथे राहते, आणि ती फक्त तुम्हाला नाही तर सगळ्यांना मिळते. मराठीतल्या छोट्या संकेतस्थळांसाठी हे आवर्जून करावं. एका माणसाने हौसेने चालवलेलं स्थळ डोमेनचे पैसे भरायचे राहिले म्हणून नाहीसं होतं, आणि त्यातला मजकूर इतरत्र कुठेच नसतो.

मराठी पत्त्यांबद्दल एक सांगायला हवं. मराठी विकिपीडियावरची लिंक कॉपी करून चिकटवली की ती टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब रांग होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ खुणा खातं. 'लोणार' एवढा शब्द पत्त्यात पंचेचाळीस खुणांचा होतो. अशी लिंक बघून आत काय आहे ते कुणालाच कळणार नाही. म्हणून कुठेही साठवा, पण नाव आपल्या हाताने, मराठीत लिहा. त्या दोन सेकंदांवर पुढचं सगळं सापडणं अवलंबून आहे.

कीप, नोशन, ऑब्सिडियन

गूगल कीप हे चिठ्ठ्यांचं साधन आहे. यादी, आठवण, पटकन सुचलेलं काही यासाठी उत्तम. बोलून मराठी टायपिंग होतं, त्यामुळे ज्यांना कीबोर्डचा कंटाळा आहे त्यांना हे सर्वात जवळचं वाटतं. मोठा मजकूर साठवायला ते बनलेलंच नाही. बाहेर पडायचं तर गूगल टेकआउटमधून सगळ्या चिठ्ठ्या मिळतात.

नोशन दिसायला देखणं आणि कामाला ताकदवान. तक्ते करा, तक्त्यातल्या ओळीत अख्खं पान उघडा, तारखेने लावा, विषयाने लावा. दोन-तीन जण मिळून काम करत असतील, म्हणजे दिवाळी अंकाची टीम किंवा शाळेतल्या शिक्षकांचा गट, तर तुलनेत नोशनच पुढे आहे. पण सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं, ऑफलाइनची सोय २०२५ च्या ऑगस्टपर्यंत नव्हती आणि फुकट खात्यात ५ एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. स्कॅन केलेली मराठी पुस्तकं ठेवणाऱ्याला ही मर्यादा पहिल्याच दिवशी आडवी येते. आणखी एक धोका म्हणजे रचनेत रमण्याचा. तक्ता सजवण्यात संध्याकाळ जाते आणि वाचायचं राहून जातं.

ऑब्सिडियन अगदी उलट टोकाला आहे. तुमच्या संगणकावर एक फोल्डर, त्यात साध्या मजकुराच्या फाइली, बस. ऑब्सिडियन कंपनी उद्या बंद झाली तरी त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. त्यांचं वेब क्लिपर हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन पानावरचा मजकूर थेट फाइल करून फोल्डरमध्ये टाकतं. म्हणजे लिंक नाही, लेखच राहतो. वापर फुकट आहे. संगणक आणि फोन यांत मेळ ठेवायचा तर त्यांची सशुल्क सेवा घ्यावी लागते किंवा थोडी खटपट करून दुसरी वाट काढावी लागते. ही खटपट कमी लेखू नका. ज्यांचं सगळं काम फक्त फोनवर चालतं, त्यांना ऑब्सिडियन पहिल्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल.

पीएच.डी. करणारे, इतिहासावर लिहिणारे, तळटिपा द्याव्या लागणारे यांच्यासाठी वेगळी चर्चा नकोच: झोटेरो घ्या. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेलं हे साधन फुकट आहे, पानाची प्रत आपल्या संगणकावर ठेवतं आणि संदर्भसूची आपोआप करून देतं. ऑनलाइन मेळासाठी फुकट जागा ३०० एमबी. संगणकावर मात्र डिस्क भरेपर्यंत मोकळीक.

मराठीत शोधणं: खरी परीक्षा इथे

इंग्रजी तुलनांमध्ये हा मुद्दा येतच नाही आणि आपल्यासाठी तो सर्वात मोठा आहे. आपले शब्द रूप बदलतात. तुम्ही 'पुणे' शोधता, लेखात 'पुण्यात', 'पुण्याच्या' असतं आणि यंत्र म्हणतं, काही सापडलं नाही. ऑब्सिडियनमध्ये शोध अक्षराला अक्षर जुळवून होतो. म्हणून तिथे नुसतं 'पुण' टाकलं की पुणे, पुण्यात, पुणेकर सगळं येतं. (सोबत 'निपुण' ही येतं, पण तेवढं चालवून घ्यावं.) इतर सेवांत अर्धा शब्द चालेलच असं नाही. म्हणून टॅग नेहमी मूळ रूपात द्या: 'शेती', 'वाडा', 'ओवी'. टॅग ठरलेला असला की लेखातल्या रूपांवर अवलंबून राहावं लागत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणारं यंत्र त्यांना वेगळे शब्द समजू शकतं. तुमचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, लेख लिहिणाऱ्याचा दुसरी. 'सुऱ्या', 'वाऱ्याचा', 'कऱ्हाड' असे शब्द म्हणूनच हमखास दगा देतात. निवड करण्याआधी एक छोटी चाचणी करा. वेगवेगळ्या ठिकाणांहून 'दुसऱ्या' असलेले चार-पाच मजकूर त्या ॲपमध्ये टाका आणि आपल्या कीबोर्डवरून शोधा. किती सापडले ते बघा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ही चाचणी जास्त सांगते.

तिसरी अडचण जुन्या पीडीएफची. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच पद्धत) रुळण्याआधीचे मराठी दस्तऐवज श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये आहेत. वाचायला स्वच्छ मराठी, पण कॉपी केलं की रोमन अक्षरांचा काला. असा कागद कुठल्याही ॲपमध्ये टाका, त्याच्या आतलं काही सापडणार नाही. उपाय आहे: पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि 'गूगल डॉक्समध्ये उघडा' म्हणायचं. अक्षरं ओळखून मराठी मजकूर तयार होतो. लहान फाइलींवर हे चांगलं जमतं, जोडाक्षरांत चुका राहतात. तरी शोधण्यापुरतं पुरतं. तो मजकूर मूळ पीडीएफच्या शेजारी, त्याच नावाने ठेवायचा.

मग कुणी काय घ्यावं?

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनी, किंवा शासन निर्णय रोज हाताळावे लागणाऱ्या शिक्षक-ग्रामसेवकांनी ॲपचा फार विचार करू नये. निर्णयाची फाइल उतरते ती लांबलचक संकेतांकाच्या नावाने, आणि त्यातले सुरुवातीचे आकडे साल, महिना, दिवस असे असतात. तो संकेतांक पुसू नका. त्याच्यापुढे विषय आणि विभाग मराठीत लिहा आणि फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, आणि मूळ निर्णय पुन्हा संकेतस्थळावर काढायचा झाला तर संकेतांक हाताशी असतो. हे फोल्डर ड्राइव्हवर ठेवलं की फोनवरही मिळतं.

फक्त वाचनाची आवड आहे, लेख जमवून रविवारी वाचायचे आहेत, त्यांना रेनड्रॉप किंवा इन्स्टापेपर पुरे. त्यातले खरोखर आवडलेले लेख मात्र मजकुरासकट वेगळे काढा. ओम्निव्होर नावाची अशीच एक चांगली, मोफत सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये थोड्याच दिवसांच्या सूचनेवर बंद झाली होती.

लिहिणारे, अनुवाद करणारे, एखाद्या विषयाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे असाल आणि हाताशी संगणक असेल, तर माझं मत ऑब्सिडियनला. शिकायला आठ दिवस जातील, पण मजकूर तुमच्या घरात राहील आणि अर्ध्या शब्दावरून सापडेल. गटाने काम असेल तर नोशन, दर महिन्याला एक्स्पोर्ट काढून ठेवण्याच्या अटीवर.

जुनं सगळं एका दिवसात हलवायला जाऊ नका. आधी ब्राउझरमधून बुकमार्कची एचटीएमएल फाइल काढून बाजूला ठेवा. मग नव्या जागी फक्त आजपासूनचं टाका. जुन्यातलं जेव्हा जे लागेल, तेव्हा ते शोधायचं, मजकुरासकट नव्या जागी न्यायचं आणि त्याला मराठीत नाव द्यायचं.