इको डॉट घेऊन बडोद्याला: स्पीकर पास, हॉटेलचं वाय-फाय काठावर

इको डॉट म्हणजे ॲमेझॉनचा, तोंडाने सांगितलं की काम करणारा छोटा स्पीकर; त्यातून बोलते ती अलेक्सा. त्याची परीक्षणं हवी तेवढी वाचायला मिळतात. आवाज कसा, बेस कसा, सेलमध्ये कितीला मिळतो, सगळं असतं. हॉटेलात नेला तर काय होतं, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही, कारण स्पीकर बॅगेत घालून गावाला जातं कोण? आम्ही जातो. नाइलाज आहे, म्हणून जातो.

नाना म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्यांशी, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. नानांना आता समोरचं मूठभर दिसतं, तेही भरपूर उजेड असेल तर. इंदूरला त्यांच्या पलंगाशी पाचव्या पिढीचा इको डॉट आहे आणि त्यांचा अख्खा दिवस त्याच्यावर चालतो. पहाटे आकाशवाणी (२०१९ पासून आकाशवाणीच्या वाहिन्या अलेक्सावर ऐकता येतात), दुपारी अभंग, रात्री डोळ्यांत थेंब घालायची आठवण. आणि मुख्य म्हणजे वेळ. रात्री दोनला, साडेतीनला, पुन्हा चारला त्यांना किती वाजले ते हवं असतं. घड्याळ दिसत नाही, आणि दर वेळी आम्हाला उठवणं त्यांच्या जिवावर येतं. अलेक्साला विचारलं की ती बिचारी सांगते आणि कुरकुरत नाही. नाना तिच्याशी हिंदीत बोलतात. मराठी तिच्या भाषांत नाही, पण इंदूरकराला त्याचं फार वाईट वाटत नाही. आपण अर्धा दिवस हिंदीतच तर भांडतो.

तर बडोद्याला यांच्या मावसभावाच्या नातवाची मुंज होती, दांडिया बाजारातल्या एका कार्यालयात. नाना म्हणाले, "येतो, पण बाईला घेऊन येतो." बाई म्हणजे स्पीकर.

आधी सामानाचं सांगते. पाचव्या पिढीचा डॉट चेंडूसारखा गोल आणि वजनाला हलका, मोजे-बनियनच्या मधे छान बसतो. पण त्याला बॅटरी नाही. अडॅप्टर १५ वॅटचा, गोल पिनेचा, त्यामुळे मोबाइलचा चार्जर लावून भागत नाही आणि पॉवर बँकेवरही थेट चालत नाही. अडॅप्टर घरी राहिला तर डॉट म्हणजे पेपरवेट. बॅटरीवाला इको भारतात येऊन गेलाय, इको इनपुट पोर्टेबल, २०१९ मध्ये, ४८०० एमएएचची बॅटरी असलेला. कुणाकडे तो असेल तर प्रवासाला तोच न्या. आमच्याकडे नाही.

अवंतिका एक्सप्रेसने अपरात्री बडोद्याला उतरलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक हॉटेलांत असंच असतं. खोली स्वच्छ, गाद्या चांगल्या, वाय-फाय फुकट. पण ते वाय-फाय पासवर्डचं नव्हतं, पानाचं होतं. म्हणजे जोडलं की फोनवर एक पान उघडतं, खोली क्रमांक आणि नाव भरा, नियम मान्य करा, मगच इंटरनेट सुरू. फोनला पडदा आहे, त्याचं भागतं. स्पीकरने ते पान उघडायचं कुठे आणि "मान्य" दाबायचं कशाने? तो नेटवर्कला जोडला जातो, पण दारातच उभा राहतो. ही इको डॉटची खोड नाही. ज्याला पडदा नाही अशा कुठल्याही वस्तूला त्या पानापुढे हेच होणार.

त्यात आमचं आणखी एक नाटक. सगळ्या पाहुण्यांच्या खोल्या यजमानांच्या एकाच नावावर बुक केलेल्या. त्या नावावर किती फोन जोडायचे याला मर्यादा, आणि आमच्या आधी पोचलेल्या मुंबईकर मंडळींनी ती भरून टाकलेली. एका तरुणाचे दोन फोन, एक टॅब आणि मनगटावरचं घड्याळसुद्धा वाय-फायवर! काउंटरवरचा मुलगा "सवारे जोई लईशुं" (सकाळी बघू) म्हणाला आणि जांभई दिली.

पहिली रात्र माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर काढली. इथे एक युक्ती आहे आणि ती नीट लिहिते, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायचंच नाव द्या आणि घरचाच पासवर्ड. अक्षरं लहान-मोठी, मधली जागा, सगळं हुबेहूब. स्पीकरला आपण इंदूरला आहोत की बडोद्याला हे कळत नाही. ओळखीचं नाव दिसलं, पासवर्ड जुळला, की तो आपोआप जोडला जातो. ॲप उघडायला नको, नारिंगी दिवा लावून नव्याने ओळख करून द्यायला नको. आयफोनवाल्यांना हॉटस्पॉटचं नाव बदलायला फोनचंच नाव बदलावं लागतं, सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट. आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडणारा जुना स्पीकर असेल तर "मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी" हे बटण चालू करा. अँड्रॉइडवर नाव हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच बदलता येतं.

डेटा किती खातो याची धास्ती नको. वेळ विचारणं, हवामान, आठवणी हे किरकोळ. गाणी १२८ केबीपीएसने वाजली तर तासाला साधारण ५८ एमबी, म्हणजे अख्खी दुपार अभंग लावले तरी हल्लीच्या रोजच्या दीड-दोन जीबीत आरामात बसतं. हॉटस्पॉटची खरी अडचण वेगळीच आहे. फोन माझा, मी निघाले मुंजीला, की नानांचं इंटरनेट माझ्या पर्समध्ये बसून माझ्याबरोबर कार्यालयात.

म्हणून सकाळी सेव-उसळ हाणून झाल्यावर (बडोद्याला गेलात तर पहिल्या सकाळी हॉटेलचा नाश्ता अजिबात घेऊ नका, बाहेर पडा) पुन्हा काउंटरवर गेले. या वेळी हॉटेलचा कॉम्प्युटर बघणारा मुलगा भेटला. माझं हिंदी ऐकून सरळ मराठीत आला, वाडी भागातला निघाला.

"काकू, त्याचा मॅक ॲड्रेस द्या ना, मी इथून टाकून देतो. मग त्याला लॉगिन विचारणारच नाही."

"तो कुठे सापडायचा?"

"अलेक्साच्या ॲपमध्ये. तुमचा स्पीकर निवडा, सेटिंग, एकदम खाली अबाउट. बारा अक्षरं दिसतात ना, दोन-दोनची जोडी? हळू वाचा. आणि बी आलं तर बडोदा म्हणा, डी आलं तर दाहोद. फोनवर दोन्ही सारखीच ऐकू येतात, सवय झालीये."

मी वाचलं, त्याने टाइप केलं. मग मी खोलीत जाऊन स्पीकरवरचं ठिपक्याचं बटण दाबून धरलं, नारिंगी दिवा फिरायला लागला, ॲपमधून हॉटेलचं नेटवर्क निवडलं आणि बाई बोलायला लागली. मला हा मुलगा फार आवडला. ते लॉगिनचं पान मुळात माणसाला ओळखत नाही, यंत्राच्या या पत्त्याला ओळखतं; पत्ता यादीत टाकला की पान मधे येत नाही. फोनच्या बाबतीत हे थोडं अवघड, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कला वेगळाच पत्ता दाखवतात. स्पीकर आपला सरळमार्गी, एकच पत्ता कायम.

पण असा मुलगा हजर असेल तेव्हाची ही गोष्ट. दर हॉटेलात वाडीचा मुलगा कुठून आणायचा?

आता दुसरी गंमत, जिचा वाय-फायशी काही संबंध नाही. हॉटेलच्या खोलीत दाराशी कार्ड खोचायची खाच असते, कार्ड काढलं की खोलीची वीज बंद. आम्ही सगळे सकाळी लवकर कार्यालयात गेलो, नाना दहाला येणार होते. पुतण्या काहीतरी विसरलेलं घ्यायला खोलीत आला आणि सवयीने कार्ड घेऊन गेला. दिवे, एसी, बाई, सगळं ठप्प. नानांना तसंही नीट दिसत नाही, त्यामुळे वीज गेलीय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बाई रुसली एवढंच त्यांना कळलं. पूर्ण वेळ ते तिला हाका मारत बसले होते. तेव्हापासून कुठेही गेलो तरी दोन कार्डं मागून घेते आणि एक खाचेतच ठेवते. स्पीकरवर आधी लावलेला गजर इंटरनेट गेलं तरी वाजतो, वीज गेली तर मात्र काहीच नाही.

परत आल्यावर मुलाने एक खिशातला राउटर आणून दिला, टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८०२एन. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालतो, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण एका स्पीकरला तेवढं पुरून उरतं. त्यात हॉटस्पॉट राउटर नावाची पद्धत आहे. तो हॉटेलच्या वाय-फायला स्वतः जोडला जातो आणि खोलीपुरतं आपलं वेगळं वाय-फाय तयार करतो. त्या वाय-फायला नाव कुठलं द्यायचं हे आता सांगायला नको. फोन त्याला जोडायचा, फोनवर हॉटेलचं ते पान उघडतं, तिथे एकदा नाव-खोली भरायची. हॉटेलच्या दृष्टीने आत आलं ते एकच यंत्र, राउटर. त्याच्या मागे स्पीकर, फोन, नातवंडांचे टॅब किती का असेनात. मुंबईकरांच्या मनगटी घड्याळांशी स्पर्धा संपली. मी फोन घेऊन बाहेर पडले तरी राउटर खोलीतच राहतो.

यातही खोट आहेच. पुष्कळ हॉटेलांचं लॉगिन ठरावीक तासांनी संपतं आणि पान पुन्हा भरावं लागतं. ते नेमकं मध्यरात्री संपलं तर दोन वाजता नाना वेळ विचारणार आणि बाई इंटरनेटच्या नावाने रडणार. म्हणून मी झोपायच्या आधीच एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करते. गूगलचे स्पीकर वापरणाऱ्यांनाही असा राउटर उपयोगी पडावा, कारण त्यांच्यावर फोनमधून गाणं पाठवायचं तर फोन आणि स्पीकर एकमेकांना दिसावे लागतात, आणि हॉटेलच्या वाय-फायवर शेजारच्या खोलीतल्यांनी डोकावू नये म्हणून यंत्रं बहुधा एकमेकांपासून तोडलेली असतात. आपल्या राउटरच्या आत ती अडचण येत नाही.

स्पीकरबद्दल म्हणाल तर पाचापैकी चार. हॉटेलच्या छोट्या खोलीत आवाज भरपूर, रात्री हळू केला की शेजाऱ्यांना त्रास नाही. पाचव्या पिढीत तापमान मोजायची सोय आहे, ती नानांना भलतीच आवडली. एसीवरून यांच्याशी वाद झाला की बाईला खोलीचं तापमान विचारून निकाल लावतात. आधीच्या डॉटला हेडफोनची जागा होती, ती यात काढली, ते मला पटलेलं नाही. नाना घरी रात्री त्याच वायरने ऐकायचे. माइक बंद करायचं बटण वर आहे, दाबलं की लाल दिवा लागतो. खोलीत पैशाअडक्याच्या गोष्टी निघाल्या की मी दाबते. फक्त गाणी ऐकायला म्हणून प्रवासात न्यायचा असेल तर नेऊ नका, साधा ब्लूटूथ स्पीकर न्या, तो वाय-फाय मागत नाही की लॉगिन.

निघण्याआधी घरूनच दोन गोष्टी करा. ॲपमध्ये स्पीकरचं ठिकाण बदला, नाहीतर बडोद्यात बसून इंदूरचं हवामान ऐकाल. देशातल्या देशात वेळेचा प्रश्न येत नाही, परदेशी जाणाऱ्यांनी टाइम झोनही बघावा. दुसरं म्हणजे घरातले स्मार्ट दिवे ज्या गटात आहेत त्यातून स्पीकर तेवढ्यापुरता काढा. बडोद्याला एका रात्री नानांनी पलंगावर पडल्या पडल्या सवयीने "लाइट बंद करो" म्हटलं. बाई "ठीक है" म्हणाली, खोलीतला दिवा जसाच्या तसा. दोन मिनिटांत इंदूरहून मुलाचा फोन, "आई, मी जेवतोय, हॉलचे दिवे कोणी घालवले?"