कीड व्यवस्थापनाचं ट्रेनिंग, तेही वांग्याच्या मळ्यात

गोव्यात डिचोलीकडे या सीझनला एकात्मिक कीड व्यवस्थापनाचं, म्हणजे औषध कमीत कमी मारून कीड आवरायचं, जे ट्रेनिंग झालं त्याबद्दल बरेच जण विचारतायत म्हणून लिहितो. जरूर करा. हॉलमध्ये स्लाइड दाखवून शेवटी सर्टिफिकेटचा फोटो, असला प्रकार नाही. दर आठवड्याला सकाळी त्याच मळ्यात जमायचं, पानं उलटी करून बघायची, तुडतुडे किती, मावा किती, कीड खाणारे कोळी (स्पायडर) नि ढालकिडे किती ते मोजून चार्ट पेपरवर काढायचं आणि फवारायचं की नाही ते गटानं बसून ठरवायचं. ही शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झाली, तिथं फवारून फवारून तुडतुडे खाणारे कोळी मेले नि तपकिरी तुडतुडे उलट वाढले, शेवटी सरकारनं १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

मला सगळ्यात पटलं ते शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं. शिकवणाऱ्या मॅडमनी वांग्याचा सुकलेला शेंडा तोडून ब्लेडनं उभा चिरला, आत गुलाबीसर अळी. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती आत शिरते, मग वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा सुकलेले शेंडे दर आठवड्याला कापून नष्ट करायचे, किडकी वांगी बांधावर टाकायची नाहीत आणि मादीच्या वासाचे कामगंध सापळे लावायचे, त्यात या अळीचे नर पतंग अडकतात. तवशी (काकडी) नि दोडक्याच्या फळमाशीला ल्युर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची गोळी, वेगळी लागते हां, वांग्याची चालत नाही.

आता खटकलं ते. ल्युर ट्रेनिंगमध्ये फुकट मिळाली, पण ती ठरावीक दिवसांनी बदलावी लागते आणि नंतर आणायला गेलो तर जवळपास कुठेच नाही, दुकानदार औषधाचीच बाटली पुढे करतो. शिकलेलं सगळं इथंच अडतं, आयोजकांनी ल्युरची सोय आधी लावायला हवी होती. दुसरं म्हणजे नावं घेतली ती जमीन ज्यांच्या नावावर त्यांची, म्हणजे बहुतेक पुरुषच. अरे, खुरपणी नि तोडणी बायका करतात, शेंडा सुकलेला आधी त्यांनाच दिसतो! शेजारच्या काकी नुसत्या बघायला आल्या होत्या, थोड्याच दिवसांत कोळ्यांची अंडी शोधून बाकीच्यांना दाखवायला लागल्या.

पुढची बॅच वायंगणाच्या, म्हणजे रब्बीच्या, भाताची आहे म्हणतात. नाव द्याल तेव्हा घरातलं जे माणूस रोज शेतात उतरतं त्याचंच द्या, आणि ल्युर कुठं मिळणार ते तिथंच विचारून घ्या.