१९६८ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ : तीन उन्हाळे चालवल्यावर

ही गाडी मी शेजारच्या आजोबांकडून घेतली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक शहरातल्या, याच नावाच्या गाड्यांच्या कारखान्यात काढलेली. व्यवहाराचं बोलण्याआधी त्यांनी मला गार इंजिन सुरू करायला शिकवलं. अ‍ॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, म्हणजे चोक लागतो, मग किल्ली फिरवायची. नाशिकला बाबांच्या पद्मिनीचा चोक ओढत मी मोठा झालो, त्यामुळे हात लगेच बसला.

इंजिन ६.६ लिटरचं व्ही-८, गिअर चार. पण गाडीचा जीव आहे तो क्वाड्राजेट कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात. त्याला चार तोंडं असतात, पुढची दोन लहान आणि मागची दोन मोठी. गावात फिरताना लहान दोघांवर भागतं, गाडी अगदी गरीब गाईसारखी चालते. हायवेला लागताना पाय पूर्ण दाबला की मागची दोन उघडतात आणि बॉनेटखालून असा हुंकार येतो की तो कानाआधी छातीत जाणवतो. माझ्यासाठी सगळी किंमत तिथेच वसूल होते.

वेगाच्या बाबतीत मात्र भ्रमात राहू नका. कागदावर ३५० अश्वशक्ती आहे, पण ती जुन्या ग्रॉस पद्धतीची, म्हणजे गाडीतला सायलेन्सर आणि एअर फिल्टर न लावता इंजिन स्टँडवर ठेवून मोजलेली. १९७२च्या मॉडेलांपासून नेट, म्हणजे हे सगळं लावून मोजलेले, आकडे आले. मित्राच्या २०२४च्या मस्टँग जीटीत ५ लिटरमधून ४८० मिळतात, आणि तेही नेट. सिग्नल सुटला की ती सहज पुढे जाते.

ब्रेकची तर तुलनाच नको. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. दोन-तीनदा जोरात दाबले की तापतात आणि पकड सुटते. एअरबॅग नाही, एबीएस नाही. मुलीला शाळेत सोडायला मी आमची साधी हायब्रिडच काढतो, आणि प्रत्येकाने तेच करावं. पेट्रोल लिटरला जेमतेम ४-५ किलोमीटर.

डॉजने विजेवरच्या चार्जर डेटोनाला आवाजासाठी स्पीकरची यंत्रणा दिली आहे. मी मुद्दाम जाऊन ऐकली. आवाज दणदणीत आहे, पण तिथे काही जळत नाही, काही उघडत नाही. माझ्या गाडीत प्रत्येक आवाजामागे एक भाग असतो आणि त्या भागापर्यंत माझा हात पोचतो. डिस्ट्रिब्युटर म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग; त्याच्या टोपीला एक छोटी खिडकी आहे. इंजिन चालू असताना तिच्यातून अ‍ॅलन की घालून पॉइंट्स, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, जुळवायचे. अर्धा फेरा फिरवला की धडधड एकसारखी होते, आणि ते आपण केलेलं असतं!

घेणार असाल तर मागच्या काचेखालचा पत्रा आणि डिकीचा तळ नीट बघा. इथे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, गंज तिथूनच खातो. पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्या. मीही या हिवाळ्यात बसवतोय.

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. यंदा आजोबांना शेजारी बसवून नेलं. २०१०मध्ये पॉन्टिअ‍ॅक हे गाड्यांचं नावच बंद झालं, त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. दिवसभर मुंगीच्या पावलांनी सरकलो. परतताना रस्ता मोकळा मिळाला. ते म्हणाले, "दुसऱ्यात टाक. आता दाब." मागची दोन तोंडं उघडली, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला आणि घर येईपर्यंत तो तिथेच ठेवला.