आकडा लुकलुकेपर्यंत थांबायला शिकवणारं विमान: डीसीएस एफ-१४ टॉमकॅट

दीड वर्ष झालं हे मोड्यूल घेऊन, आता लिहायला हरकत नाही. एफ-१४ चे, म्हणजे अमेरिकन नेव्हीच्या या जुन्या लढाऊ विमानाचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक सगळे जहाजावरचं लँडिंग आणि मागे सरकणारे पंख याबद्दलच असतात, ते भारी आहेच, वादच नाही, पण मी हे एकाच कारणासाठी घेतलं, लांबून होणारी मिसाईलची लढाई मला नीट समजून घ्यायची होती. आम्ही विमाननगरला राहतो, लोहगावची सुखोई लहानपणापासून डोक्यावरून जातात, त्यामुळे हे वेड जुनंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीसीएस वर्ल्ड हा विमान उडवायचा कॉम्प्युटर सिम्युलेटर फुकट उतरवता येतो, विमानं वेगळी विकत घ्यायची, त्यांनाच मोड्यूल म्हणतात. टॉमकॅट हीटब्लर नावाच्या टीमने बनवलंय, मार्च २०१९ मध्ये आलं. मूळ किंमत ८० डॉलरच्या घरात आहे, सेलमध्ये बरीच खाली येते, मी सेलमध्येच घेतलं आणि तुम्हीही तेच करा.

आता मुद्द्याचं. या विमानाचं मुख्य हत्यार म्हणजे फिनिक्स, एआयएम-५४. एकेक मिसाईल साडेचारशे किलोच्या वर, म्हणजे नंतरच्या अ‍ॅमराम मिसाईलच्या जवळजवळ तिप्पट. बनवलं होतं ते सोव्हिएत बॉम्बर लांबूनच पाडायला, म्हणजे ते अमेरिकन जहाजांवर आपली मिसाईलं टाकायच्या आत संपले पाहिजेत. इराणने इराकविरुद्धच्या युद्धात ते वापरलं, अमेरिकन नेव्हीने १९९९ मध्ये इराकी विमानांवर सोडलेली मात्र एकही लागली नाहीत, आणि २००४ मध्ये त्यांनी ते सेवेतून काढलं. नवीन खेळाडू याचा शंभर मैलांचा पल्ला वाचतो, ८० मैलांवरून सगळी सोडून मोकळा होतो, आणि एकही लागलं नाही की मिसाईल बोगस आहे म्हणतो. मीही पहिले दोन महिने हेच म्हणत होतो आणि ते चूक होतं.

कसंय, मिसाईलची मोटर जळते अर्ध्या मिनिटाच्या आसपास, पुढचा सगळा प्रवास म्हणजे जमा केलेली ताकद खर्च करणं. ३५,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असते, म्हणून तिथून माक १ च्या (आवाजाच्या वेगाच्या) वर असताना नाक थोडं वर करून सोडलं की मिसाईल आणखी वर चढतं, विरळ हवेतून जातं आणि वरून खाली येतं. तेच मिसाईल १०,००० फुटांवरून हळू जाताना सोडा, निम्म्या वाटेतच जीव जातो त्याचा. म्हणजे पल्ला हा आकडा मिसाईलचा नाहीच, तो तुमची उंची, तुमचा वेग आणि समोरचा काय करतोय या तिघांचा मिळून असतो, आणि सोडल्यावर समोरचा पाठ फिरवून पळाला तर तो आकडा धाडकन खाली येतो. माझा हात आता ४० ते ५० नॉटिकल मैलांवर बसलाय, फायटर समोर असेल तर आणखी जवळ.

दुसरी गोष्ट रडारची, आणि माझ्या मते या मोड्यूलचे खरे पैसे इथे वसूल होतात. या विमानाचं रडार, एडब्ल्यूजी-९, एकावेळी २४ टार्गेट लक्षात ठेवतं आणि सहांवर मिसाईल सोडू देतं, ऐकायला अफाट वाटतं, पण त्यासाठी त्याला प्रत्येक टार्गेट दर दोन सेकंदाला परत बघायला लागतं, म्हणून ट्रॅक-व्हाइल-स्कॅनमध्ये (शोधता शोधताच टार्गेट धरून ठेवायचा मोड) झोत एकतर रुंद पण पातळ ठेवायचा, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ४० अंश आणि दोनच थर (झोताच्या एकावर एक आडव्या फेऱ्या), नाहीतर अरुंद पण जाड, २० अंश आणि चार थर. समोरच्याने डाइव्ह मारली की तो पातळ झोतातून खाली निसटतो. आधुनिक विमानांत ही काळजी बरीचशी कॉम्प्युटर घेतो म्हणून आपल्याला कळतच नाही की आत काय चाललंय, इथे ते हाताने करायला लागतं आणि म्हणून डोक्यात बसतं.

या मोडमध्ये सोडलेल्या फिनिक्सची समोरच्याला सुरुवातीला वॉर्निंग मिळत नाही. मिसाईल जवळ गेल्यावर त्याचं स्वतःचं रडार चालू होतं आणि तेव्हाच समोरचा दचकतो. पण तोपर्यंत तुमच्या रडारने टार्गेट धरून ठेवलं पाहिजे, आणि तरीही सरळ नाकासमोर जायचं नाही, क्रँक करायचं, म्हणजे टार्गेट रडारच्या कडेला येईल इतकं बाजूला वळायचं. साधारण ६० अंशांपर्यंत चालतं, ६५ ला अँटेना संपते. विमानात दोन सीट आहेत, मागच्या सीटच्या स्क्रीनवर मिसाईल लागायला उरलेले सेकंद दिसतात आणि तो आकडा लुकलुकायला लागला की मिसाईल स्वतःच्या पायावर उभं राहिलं, मग तुम्ही वळून पळा.

ते थांबणं फार अवघड जातं! समोर रशियन सुखोई-२७ असेल तर त्याचं आर-२७ईआर मिसाईल तुमच्याकडे निघालेलं असतं, वॉर्निंग कानात ओरडत असते. पण ईआरला त्याच्या विमानाचं रडार शेवटपर्यंत लागतं, त्याने लॉक सोडलं की ते मिसाईल आंधळं. तुमचं फिनिक्स आधी सुटलं असेल तर तुमच्या आधी त्यालाच वळायला लागतं, तो वळला की त्याचं मिसाईल गेलं, आणि तुम्ही पाच सेकंद आधी घाबरून वळलात तर तुमचं गेलं. सगळी लढाई या पाच सेकंदांची आहे.

आता नॉच. वरून खाली बघताना रडारला जमिनीवर आपटून परत आलेला सिग्नलही मिळतो, तो ते वेगावरून गाळतं. समोरचा तुम्हाला काटकोनात आडवा वळला की तुमच्याकडे येण्याचा त्याचा वेग शून्य, रडारला तो जमिनीसारखाच वाटतो आणि गाळणीत तोही जातो. यावर उतारा असा की मिसाईल उंचावरून सोडायचं आणि क्रँक करता करता आपण खाली उतरायचं, टार्गेटच्या खाली गेलो आणि अँटेना वर आकाशाकडे बघायला लागली की ती गाळणी बंद ठेवता येते, मग त्याने कितीही आडवं वळू दे. हे मला समजलं त्या आठवड्यात माझे निकाल सरळ दुप्पट झाले.

मागच्या सीटवर जेस्टर असतो, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला साथीदार, मेन्यूतून सांगितलं की रडार फिरवतो, एकट्याने खेळायला उत्तम. पण जमलं तर माणूस बसवा मागे. माझा मावसभाऊ नाशिकहून बसतो रात्री जेवण झाल्यावर, आणि "दादा, आकडा अजून लुकलुकत नाहीये, वळू नको, वळू नको… आता वळ!" हे कानात ऐकत उडवण्याची मजा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला मिळालेली नाही. तो अँटेना खाली ओढून निसटलेलं टार्गेट परत शोधतो तेव्हा खरंच अभिमान वाटतो त्याचा.

सहा फिनिक्स लावू नका, विमान बैल होतं आणि ती वजनं घेऊन जहाजावर परत उतरायचे वांधे. चार फिनिक्स, दोन स्पॅरो, दोन साइडवाइंडर (ही दोन्ही कमी पल्ल्याची मिसाईलं), बास.

मशीनबद्दल एकच सांगतो, एका दुकानवाल्याने मला १६ जीबी रॅम भरपूर झाली म्हणून सांगितलं होतं, नाही पुरत, ३२ घ्या. जॉयस्टिक आणि वेगळा थ्रॉटल हवाच, डोकं फिरवून बघायला हेड ट्रॅकर असेल तर आणखी छान.

वेळ नसेल, ऑफिसवरून येऊन अर्धा तास खेळायचं असेल तर हे घेऊ नका, पहिले तीन आठवडे नुसते स्विच शिकण्यात जातात. बाकीच्यांनी आधी १४ दिवसांची फुकट ट्रायल घ्या आणि एवढं करा: मिशन एडिटरमध्ये ६० मैलांवर एक सुखोई-२७ ठेवा, आपल्याला फक्त दोन फिनिक्स द्या, एकदा १५,००० फुटांवरून आणि एकदा ३५,००० वरून त्याच अंतरावर सोडा, मग दोन्ही रेकॉर्डिंग टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाणाचं रेकॉर्डिंग बघायचा प्रोग्रॅम) उघडून शेवटच्या दहा मैलांत मिसाईलचा वेग किती उरलाय ते बघा.