ओबेरॉन : वांग्यावरच्या लाल कोळ्यासाठी चांगलं औषध, पण वेळेत मारलं तर

लाल कोळी ही पानाखाली राहून रस शोषणारी बारीक कीड, आणि तिच्यावरचं बायरचं ओबेरॉन म्हणजे स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के एससी (पाण्यात कालवायचं दाट द्रावण). उन्हाळी वांग्याची पानं पिवळट पडून ठिपके-ठिपके दिसायला लागली, की कृषी सेवा केंद्रात बहुतेक वेळा हेच पुढे केलं जातं. स्वस्त नाही. त्यामुळे ते काय करतं आणि काय करत नाही, हे आधी समजून मग पैसे मोजावेत.

हे झटका देणारं औषध नाही. कोळ्याच्या शरीरात मेद तयार होण्याची प्रक्रिया ते बंद पाडतं. फवारा बसलेली अंडी उबत नाहीत, पिल्लं कात टाकताना अडकून मरतात. प्रौढ मादी लगेच मरत नाही, पण तिची अंडी कमी होतात आणि घातलेल्यांपैकी बरीच वांझ निघतात. प्रौढ नरावर फारसा परिणाम दिसत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी भिंगाखाली कोळी चालताना दिसणारच. 'औषध लागलं नाही' म्हणून दुसरं काहीतरी मिसळून पुन्हा मारण्याची घाई इथेच होते आणि खर्च दुप्पट होतो. निकाल सातव्या दिवशी बघावा, तोही नव्या पानांवर. एकदा रस शोषलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, ते बघून काही ठरवू नये. टाकलेल्या काती पांढऱ्या भुकटीसारख्या पानाला चिकटून राहतात, त्यांनाही पुष्कळजण जिवंत कोळी समजतात. टाचणीच्या टोकाने हलवून पाहावं.

मग इतकं सावकाश चालणारं औषध घ्यायचं कशाला? कारण कोळ्याचं जीवनचक्र. अंडं, सहा पायांची अळी, दोन पिलावस्था आणि आठ पायांचा प्रौढ हा सगळा प्रवास ३० अंशांच्या आसपासच्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. नर भेटला नाही तरी घालते, फक्त त्यातून नरच निघतात. पानाखालच्या गर्दीत कोणत्याही वेळी अंडी आणि पिल्लंच जास्त असतात. नुसते प्रौढ मारणारं औषध फवारलं, तर आठवड्यात नवी फौज तयार. ओबेरॉन त्या अंड्या-पिल्लांवरच काम करतं, म्हणून सुरुवातीला मारलं तर त्याचा परिणाम टिकतो.

लेबलनुसार वांग्याला हेक्टरी ४०० मिली, ५०० लिटर पाण्यातून. एकरी हिशेब १६० मिली आणि २०० लिटर पाणी, म्हणजे लिटरला ०.८ मिली. १५ लिटरच्या पंपाला १२ मिली, १६ लिटरच्याला जेमतेम १३. झाकणाच्या अंदाजाने ओतू नका, मापाची नळी वापरा. एससी असल्याने औषध तळाशी बसतं, बाटली चांगली हलवून घ्या. आधी मगभर पाण्यात कालवून मग पंपात ओता. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) किंवा चुन्यासारख्या अल्कधर्मी गोष्टींत मिसळू नये आणि कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

काढणीपूर्व थांबायचा काळ वांग्यासाठी ५ दिवसांचा आहे. वांगी तर चार-पाच दिवसांनी तोडायला येतातच. तेव्हा आधी तोडा पूर्ण करावा, मग त्याच संध्याकाळी फवारावं आणि पुढचा तोडा पाच दिवस झाल्यावरच घ्यावा.

निम्मा निकाल पंप चालवणाऱ्याच्या हातात असतो. हे औषध झाडभर फिरत नाही, पानात थोडंफार आरपार जातं एवढंच. आणि कोळी पानाच्या खालच्या बाजूला, शिरेलगत जाळीच्या आडोशाला बसतो. वरून पाऊस पाडल्यासारखी फवारणी केली, की औषध पानावर आणि कोळी पानाखाली. हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) नोझल घ्या, लान्स म्हणजे पंपाची लांब नळी झाडाच्या बुडाशी नेऊन नोझल वर वळवा आणि खालून वर या. हातमोजे, मास्क हवेतच, कारण खालून मारताना फवारा अंगावर येतो. ढिसाळ फवारणी झाली तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

पानं जाळ्यांनी मढली असतील, शेंड्यावर कोळ्यांचे गुच्छ लटकत असतील, तर एकट्या ओबेरॉनवर भिस्त ठेवू नये. आधी खालची जाळी धरलेली पानं पिशवीत भरून शेताबाहेर काढावीत आणि प्रौढ मारणारं फेनाझाक्विन किंवा प्रोपरगाईट लेबलप्रमाणे घ्यावं. प्रोपरगाईट कडक उन्हात कोवळ्या पानांना भाजतं, ते तेलासोबत तर अजिबात नको. गंधकाचंही तसंच, मे महिन्यातल्या उन्हात नकोच.

एका हंगामात लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा ओबेरॉन मारू नये. कोळी प्रतिकारशक्ती कमावण्यात पटाईत आहे. दुकानात 'बदलून' म्हणून स्पायरोटेट्रामॅट हातात दिलं, तर तो बदल नव्हे, तेही ओबेरॉनसारखंच काम करतं. फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी आधी ते वापरलं असेल तरी याच गटात धरावं. खरा बदल हवा तर अबामेक्टिन, हेक्झिथायाझॉक्स, फेनाझाक्विन किंवा प्रोपरगाईट, ज्याच्या लेबलवर वांगी आहे ते.

तरीही कोळी पुन्हा पुन्हा येत असेल, तर बाकीची फवारणी तपासा. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी दर आठवड्याला सायपरमेथ्रीन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रीन मारलं जात असेल, तर कोळ्याला खाणारे भक्षक कोळी आणि छोटे ढालकिडे आधी मरतात, मग कोळ्याला रान मोकळं. किडके शेंडे खुडणं आणि कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावणं हा त्यावरचा स्वस्त मार्ग.

मिरचीवाल्यांसाठी एक गोष्ट. लेबलवर मिरचीचा पिवळा कोळी आहे, पण पान वाटीसारखं वर वळलं असेल तर संशय फुलकिड्यांवर धरावा आणि कडा खाली वळल्या असतील तर कोळ्यावर. फुलकिड्यांसाठी ओबेरॉन घेण्यात अर्थ नाही.

खरेदीआधी दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. धूळ उडणाऱ्या रस्त्याकडच्या ओळी आणि बांधालगतची झाडं आधी बघा, कोळी बहुधा तिथून शिरतो. चार-दोन पानांखाली अंडी-पिल्लं दिसली आणि जाळी अजून नसली, तर ओबेरॉनला पाचपैकी साडेचार गुण. जाळी धरल्यावर घेतलं तर अडीच.