रुंद टायरसाठी जागा: कॅम्बर वाढवावा की फेंडरची कड दुमडावी?

त्याच रिमवर २०५ ऐवजी २२५ मिलिमीटरचा टायर चढवला, तर तो दोन्ही अंगांनी साधारण १० मिलिमीटर वाढतो आणि उंची कमी केलेल्या गाडीत सस्पेन्शन दबताच फेंडरला (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला) घासू लागतो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; निगेटिव्ह कॅम्बर वाढवल्यास चाकाचा माथा आत झुकून जागा मिळते व हा बदल मागेही घेता येतो. मात्र टायरची आतली कड लवकर झिजते, सरळ रेषेत ब्रेक लावताना पकड घटते, शिवाय टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) पुन्हा जुळवावा लागतो. फेंडरची आतली कड हीट गनने रंग तापवून दुमडल्यास चाकांची भूमिती अबाधित राहते, पण रंग तडकला तर तिथे गंज धरतो. रोजच्या गाडीसाठी मी दुमडणेच निवडेन. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूस घासत असेल, तर मात्र आधी रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला जोडणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) तपासावा.