रोज लावायला ताजा गुलाब: नोव्हेंबर ते एप्रिल तीन वास वापरून

नोव्हेंबरपासून गुलाबाचे तीन सुगंध अंगाला आलटूनपालटून लावतेय, आधी थंडीत आणि मग होळीनंतरच्या पुण्याच्या उन्हात, आणि थंडीत आवडलेला गुलाब चैत्रात आवडेलच असं नाही हे आता अगदी पक्कं कळलंय.

सगळ्यात जास्त लावला तो दिप्तीक या फ्रेंच ब्रँडचा लोम्ब्र दां लो हा परफ्यूम, १९८३ पासूनचा आहे. गुलाबासोबत ब्लॅककरंटची पानं आहेत त्यात. बाल्कनीतला गावठी गुलाब छाटताना कात्रीला आणि बोटांना जो हिरवा, कच्चा, थोडा आंबूस वास लागतो ना, सुरुवात अगदी तशीच, फूल मागून येतं. सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला दोन फवारे मारते आणि स्कूटरवर ऑफिसला पोचेपर्यंत तो हिरवेपणा टिकतो, उन्हात तर अजून खुलतो!

क्लोए ब्रँडचं ओ द पार्फ्यूम (२००८ चं) वेगळं. पियोनीची फुलं, लिची, मग गुलाब, एकूण नुकत्याच धुतलेल्या सुती ओढणीसारखं वाटतं. एसीत दिवसभर बसायचं असेल तर मी हेच लावते, कोणाच्या नाकात जात नाही.

तिसरं गुलाबाचं अत्तर, कनौज पद्धतीचं, म्हणजे तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळून वाफ भपक्यातल्या (वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या) चंदनाच्या तेलात उतरवतात ते. वास मधासारखा, जड, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा. मला प्रचंड आवडतो पण ताजा म्हणाल तर नाही, आणि एप्रिलच्या दुपारी तर नकोच. संध्याकाळी कानात फाया, बस. कपड्यावर लावू नका, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पडलेला तेलाचा डाग अजून गेलेला नाही.

मध्ये ऑनलाइन एक स्वस्त 'फ्रेश रोज' पण मागवलं होतं, वीस मिनिटांत गोळ्याबिस्किटांचा वास यायला लागला, बहिणीला देऊन टाकलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करून बघा. गुलाबाच्या वासातला फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचा घटक पाण्यात बराच विरघळतो, म्हणून फुलं उकळताना तो तेलापेक्षा पाण्यात जास्त उतरतो आणि चांगलं गुलाबजल तेलापेक्षा ताज्या फुलाच्या जास्त जवळ वाटतं. मी रुमालावर शिंपडते आणि दुपारी जेवणानंतर मानेवर टेकवते, सकाळचा लोम्ब्र तोवर विरलेला असतो, त्याची पानं आणि हे पाणी मिळून परत ओला गुलाब तयार होतो.